सूपभर नागलीची मुलगी

कानोसा हे यंत्र तान्ह्या मुलांचे रडणे ऐकत असे. डॉक्टर, औषध आणि रस्ता जिथे पोहोचले नव्हते तिथे ते पोहोचवण्यात आले, आणि ते पोहोचल्यावर डॉक्टर, औषध आणि रस्ता यांची चौकशी करण्याचे कोणाला कारण उरले नाही.

२०३९च्या मार्चपर्यंत डोंगरी तालुक्यांतल्या चौदाशे पाड्यांवर ते लागले होते. साबणाच्या वडीएवढा पांढरा डबा, वर बोटभर सौरपट्टी. तो झोळीच्या दोरीला अडकवायचा. मूल रडले की डबा ऐके, उपग्रहामार्फत जिल्ह्याच्या संगणकाला विचारी, आणि हिरवा, पिवळा किंवा लाल दिवा लावून निकाल बोलून दाखवी. आवाज पुण्यातल्या एका निवेदिकेचा होता. इतका स्वच्छ, की सातखडक पाड्यावरच्या बायका त्याच्यासमोर पदर नीट करत.

प्रकल्पाचे संचालक शंतनू रेगे यांना 'शेवटच्या मुलापर्यंत' हे शब्द फार आवडत. ते त्यांच्या गाडीवर होते, कॉफीच्या पेल्यावर होते. शेवटच्या मुलाच्या पाड्यावर ते स्वतः एकदा जाऊन आले होते. चाळीस मिनिटे थांबले, त्यातली पंचवीस छायाचित्रात सूर्य नीट यावा म्हणून गेली.

यंत्रामागचे विज्ञान मात्र खरे होते. मूल रडते तेव्हा फुप्फुसातली हवा घशातल्या स्वरतंतूंना कंप देते. हे तंतू ताणून धरणारी एक नस मेंदूतून निघून थेट घशात जात नाही. ती छातीत उतरते, हृदयाजवळून वळसा घेते आणि मग वर चढते. आईच्या दुधात ब-१ जीवनसत्त्व कमी असले की मुलाच्या नसा आणि हृदय एकाच वेळी थकू लागतात. साधारण तिसऱ्या महिन्यात रडणे आधी घोगरे होते, मग फाटते, मग मूल तोंड उघडते, चेहरा लाल करते आणि आवाज येत नाही. त्यानंतर हाती एखादा दिवस असतो, कधी काही तास. ब-१चे एक इंजेक्शन दिले तर तेच मूल संध्याकाळपर्यंत हातपाय झाडू लागते.

पण सर्दीनेही आवाज बसतो. म्हणून कानोसा नुसत्या रडण्यावर निकाल देत नसे, आधी आईची नोंद पाही. जिची सगळी मुले जगली, तिच्या मुलाचा घोगरा आवाज म्हणजे बहुधा सर्दी. जिची दोन मुले तिसऱ्या महिन्यात गेली, तिच्या मुलाचा तोच आवाज म्हणजे धोका. या दोन गोष्टींचा गुणाकार करून संगणक टक्केवारी काढी. साठच्या वर गेली की लाल दिवा, आणि जिल्ह्याच्या कोठारातून ड्रोन पंचवीस मिनिटांत औषधाची नळी आणून टाकी. नळीत औषध आणि सुई एकत्र होती. मुलाच्या मांडीला लावून दाबायची. रडणे ऐकून अंदाज बांधताना अनुभवी सुईण याहून वेगळे काही करत नाही. फरक इतकाच, की मुलाची आई कोण हे सुईणीला माहीत असते.

पूर्वी ब-१ची इंजेक्शने तालुक्याच्या दवाखान्यात खोक्यांनी पडलेली असत. रेगे यांनी ती सगळी परत मागवली. औषध नेमक्या मुलालाच मिळावे, या योजनेला 'नेमका पुरवठा' असे नाव होते. दवाखान्यातले कपाट रिकामे झाले आणि त्यावर कानोसाचे भित्तीपत्रक लागले.

*

सातखडकची हर्षला निरगुडे तेवीस वर्षांची होती. तिचा नवरा वसईकडे बांधकामावर असे, महिन्यातून एकदा येई. तिचा पहिला मुलगा अकराव्या आठवड्यात गेला, दुसरी मुलगी तेराव्या. सरकारी नोंदीत दोघांनाही न्यूमोनिया झाला होता, कारण त्या रकान्यात निवडायला सहाच पर्याय होते. डिसेंबरात तिसरी मुलगी झाली. पाचव्या दिवशी पाड्याच्या रिवाजाप्रमाणे हर्षलाने तिला विकायला काढले.

रिवाज असा, की जिची मुले जगत नाहीत तिने नवे मूल सुपात घालून अशा बाईला विकायचे जिची सगळी जगली आहेत. म्हणजे मरण जुना पत्ता धरून आले तरी त्याला तिथे त्या आईचे मूल सापडत नाही. शेजारच्या मंजुळा उघडेला दोन मुलगे होते, बारा वर्षांचा साहिल आणि आठ वर्षांचा आर्यन, दोघेही दगडासारखे. ती अंगणात येऊन सुपाजवळ बसली.

"कोणाची पोर ही?" तिने मोठ्याने विचारले.

"कोणाचीच नाय. वाटंवर गावली," हर्षला म्हणाली.

"काय घेशील?"

"सूपभर नागली."

"सूपभर? नाक बघ तिचं. अर्धं सूप देते."

"मग राहू दे. दुसरं गिऱ्हाईक बघते."

भोवतीच्या बायका हसल्या. घासाघीस करावीच लागते. सहज दिलेल्या मुलावर मरणाचा विश्वास बसत नाही. शेवटी सूपभर नागली हर्षलाच्या कणगीत गेली आणि मुलगी मंजुळाची झाली. नाव मोली ठेवले. ती राहणार हर्षलाच्याच झोपडीत, दूध हर्षलाचेच पिणार; पण स्वतःच्या पायांनी उंबरा ओलांडीपर्यंत हर्षलाने तिला आपली म्हणायचे नाही. मग दुप्पट नागली देऊन परत विकत घ्यायचे.

कणगीतली नागली, म्हणजे नाचणी, हर्षलाने खाल्ली नाही. बाळंतिणीला ती जड पडते, असे पाड्यावर मानत. ती रेशनचा पांढरा तांदूळ खाई, पाणी स्वच्छ निघेपर्यंत चार वेळा धुतलेला, वर मीठ. गिरणीत तांदूळ घासून पांढरा करताना त्यातले बहुतेक ब-१ कोंड्यात जाते, उरलेले धुण्याच्या पाण्यात. नागलीत ते भरपूर असते. हे हर्षलाला सांगायला त्या वर्षी कोणी आले नाही. डबा बसवायला तिघे आले.

डबा बसवताना पाड्याची आशाताई द्वारका वारघडे हजर होती. एकोणीस वर्षे ती हे काम करत होती. सगळ्या बायका जमलेल्या.

"बाळाच्या आईचे नाव सांगा," डबा म्हणाला.

हर्षलाने द्वारकाकडे पाहिले. द्वारका स्वतः लहानपणी ओंजळभर मिठाला विकली गेली होती आणि एकावन्न वर्षांची झाली होती.

"मंजुळा उघडे," द्वारका म्हणाली.

झोळी तीच, मूल तेच, यंत्र तेच. नावाने काय बिघडते, असे तिला वाटले. नोंदणी करण्याच्या दोन दिवसांच्या प्रशिक्षणात तिला डबा पुसायचा कसा हे शिकवले होते. तो विचार कसा करतो, हे सांगण्याची गरज कोणाला वाटली नव्हती.

*

मार्चमधल्या एका रविवारी सकाळी नऊला हर्षला द्वारकाच्या दारात आली.

"ताई, मंजुळाच्या पोरीचा आवाज बसलाय."

द्वारका पळतच गेली. मोली झोळीत रडत होती. कागद फाडल्यासारखा आवाज येत होता, मध्येच तोही नाही. नाकपुड्या फुलत होत्या. दोन घोट दूध ओढून ती स्तन सोडत होती.

डब्यावर हिरवा दिवा होता. "मंजुळा यांच्या बाळाला साधी सर्दी आहे. तीन दिवस निरीक्षण करा. धोका चौदा टक्के."

"पहिल्या दोघांचंबी असंच झालं व्हतं," हर्षला हळूच म्हणाली. मग तिने जीभ चावली, कारण पहिले दोघे तिचे होते आणि ही नव्हती.

द्वारकाने तालुक्याला डॉ. नूतन खैरनार यांना फोन लावला आणि झोळीपाशी धरला. डॉक्टर अर्धा मिनिट ऐकत राहिल्या.

"आईची आधीची मुलं?"

"कोणत्या आईची, मॅडम?" द्वारका म्हणाली, आणि मग तिने सगळे सांगितले.



"द्वारकाताई, हे ब-१चं आहे. माझ्याकडे एक इंजेक्शन नाही. पॅरासिटामॉल आहे आणि तुमचं ते पोस्टर आहे. मी जीप काढते, पण मला पोहोचायला तीन तास लागतील आणि मी रिकाम्या हातांनी येणार. थांबा, रेगेंना विचारते."

शंतनू रेगे एका नातेवाइकाच्या साखरपुड्यात होते. मागे सनई वाजत होती.

"सर, सातखडकला एक नळी पाठवा. आत्ता."

"प्रणाली काय म्हणते?"

"चौदा टक्के."

"मग?"

"नोंदीत आई चुकीची आहे."

"मग नोंद चुकीची आहे, डॉक्टर. प्रणाली बरोबर आहे."

"मूल मरेल, सर."

"प्रत्येक डॉक्टर हेच म्हणतो. तुम्हाला वाटलं म्हणून मी ड्रोन उडवला तर उद्या चौदाशे पाड्यांवरून फोन येतील. मग यंत्र कशाला बसवलंय?" त्यांनी कोणाला तरी 'हो, आलोच' म्हटले. "आणि दुरुस्तीची सोय आहे ना. खऱ्या आईने डब्यासमोर स्वतःच्या आवाजात मूल माझं आहे असं सांगायचं. आवाज हीच सही. चार मिनिटांत नोंद बदलते. आणखी किती सोपं करायचं?"

हे त्यांनी खरेच सोपे केले होते, त्याबद्दल त्यांना एक ढालही मिळाली होती.

*

"बोल," डॉक्टरांनी फोनवर रेगेंचे म्हणणे कळवल्यावर द्वारका म्हणाली. "हर्षला, एवढंच बोल. 'पोर माझी हाय.'"

हर्षला झोळीपासून दूर कुडाला टेकून बसली होती. "नाय."

"अगं, औषध येईल."

"दोनदा म्हणले माझी. पहिल्याला म्हणले, दुसरीला म्हणले. आता नाय म्हणणार."

"हा डबा हाय. देव नाय, भूत नाय."

"डब्याला कळंल ते सगळ्यांना कळतंय. तो वर सांगतो, ताई. तूच म्हणली व्हतीस, आकाशात सांगतो म्हणून."

 हे द्वारकानेच सांगितले होते, यंत्राचे कौतुक म्हणून.

तोवर मंजुळा आली. पाठोपाठ साहिल आणि आर्यन दारात उभे राहिले, आर्यनच्या हातात कैरी. मंजुळाने मोलीला उचलले, छातीला कान लावला. हृदय पाखरासारखे फडफडत होते.

"बोल ना गं," ती हर्षलाला म्हणाली. "मी राग नाय धरत. बोल तुझी."

हर्षलाने दोन्ही हातांनी तोंड दाबून धरले आणि मान हलवली. तिच्या चोळीवर दुधाचे दोन ओले डाग पडले होते.

द्वारका डब्याला जोडलेला आपला फोन चाळत होती. आईचे नाव बदला: आवाजाची सही लागेल. आईचा पूर्वेतिहास बदला: तालुका समितीची मंजुरी, एकवीस दिवस. जुने अपत्य जोडा: जन्मदाखला लागेल. मग तिला खाली एक ठळक बटन दिसले. मृत्यू नोंदवा.

ते तिला पाठ होते. बालमृत्यू चोवीस तासांत कळवले जात नाहीत म्हणून वरून एकदा फार आरडाओरडा झाला होता, तेव्हा जिल्ह्याने त्या वाटेतले सगळे अडसर काढून टाकले. दाखला नको, सही नको, मंजुरी नको. मूल निवडा, तारीख टाका, दाबा. मूल जन्मले हे सिद्ध करायला कागद लागत होता. मेले हे कोणाचेही ऐकून घेतले जात होते.

मंजुळाच्या नावाखाली तीन मुले होती. साहिल, आर्यन, मोली.

"मंजुळा," द्वारका म्हणाली, "एक वाट हाय. वाईट हाय."

तिने सांगितले. मंजुळाने ऐकले आणि दाराकडे पाहिले. आर्यन कैरीला मीठ लावत होता.

"म्हणजे माझ्या पोरांना मारतेस?"

"कागदावर."

"हर्षला तोंडानं बोलंना, आन् मी पोरं लिवून देऊ?"

 मोलीने तोंड उघडले, चेहरा लाल केला. आवाज आला नाही.

"लिव," मंजुळा म्हणाली. "मी इकत घेतली ती मरायला नाय घेतली. लिव लवकर. ए, तुमी दोघं भाईर जा."

द्वारकाने साहिल निवडला. जन्मानंतर ब्याऐंशी दिवसांची तारीख टाकली. कारणाच्या सहा पर्यायांतून न्यूमोनिया निवडला.

"नोंद झाली," डबा मृदू स्वरात म्हणाला. "तुमच्या दुःखात कानोसा सहभागी आहे."

तिने आर्यन निवडला. एक्क्याण्णव दिवस.

"नोंद झाली. तुमच्या दुःखात कानोसा सहभागी आहे."

"काय बोलतोय ग आये तो?" बाहेरून आर्यनने विचारले.

"गप उभा ऱ्हा," मंजुळा म्हणाली.

साहिल सातवीत होता. डब्याच्या मते तो बारा वर्षांपूर्वी, झोळीत असतानाच, गेला होता. शाळा सरकारची होती, दवाखाना सरकारचा होता, आणि दोघांच्या संगणकांची अजून ओळख नव्हती.

डब्याने बाळाचे रडणे पुन्हा ऐकवा म्हटले. द्वारकाने मोलीच्या तळपायाला टिचकी मारली. एक खरखर निघाली, इतकी बारीक की झोपडीतल्या बायकांना ती दिसली, ऐकू आली नाही. डब्याला आली. दिवा लाल झाला.

"मंजुळा यांच्या बाळाला गंभीर धोका आहे. त्र्याऐंशी टक्के. औषध निघाले आहे."

तेच मूल, तोच घसा. सकाळपासून बदलली होती ती दोन मुलांची नोंद.

ड्रोन दहा वाजून पन्नास मिनिटांनी आला आणि अंगणात लाल पेटी टाकून गेला. द्वारकाने नळी मोलीच्या मांडीला लावून दाबली. डॉ. खैरनार दीडला जीपने पोहोचल्या तेव्हा नाकपुड्या फुलायच्या थांबल्या होत्या. अडीचच्या सुमारास मोली किंचाळली. ओल्या लाकडावर करवत चालावी तसा आवाज होता, पण आवाज होता. अंगणातल्या कोंबड्या पळाल्या. हर्षला उठली, पदराआडून मोलीला दूध पाजू लागली आणि म्हणाली, "मंजुळाच्या पोरीला भूक लागली."

"तू काय खातेस?" डॉक्टरांनी तिला विचारले.

"भात."

"नागली आहे घरात?"

हर्षलाने कणगीकडे पाहिले.

"आजपासून ती खायची. दोन्ही वेळा. जड पडली तर माझ्याकडे यायचं भांडायला."

*

जूनमध्ये जिल्ह्याच्या सभागृहात कानोसाचा गौरव झाला. तिसऱ्या महिन्यात दोन मुले गमावलेल्या मातेचे तिसरे मूल यंत्राने वाचवले, हे पडद्यावर दाखवण्यात आले. त्या दोन मृत्यूंची चौकशी कोणी केली नाही. ते जुन्या तारखांचे होते, त्यामुळे चालू वर्षाच्या आकड्यांत येत नव्हते. ज्या मृत्यूने आकडा बिघडत नाही त्याकडे वळून पाहण्याची पद्धत त्या कार्यालयात नव्हती.

मंजुळाला व्यासपीठावर नेऊन साडी दिली.

"या माउलीने जे सोसलं," रेगे म्हणाले आणि क्षणभर थांबले. त्यांना खरोखर गहिवरून आले होते. त्यांच्याबद्दल सांगण्यासारखी ही सगळ्यात वाईट गोष्ट होती.

पहिल्या दोन रांगा पाड्यांवरून आणलेल्या लोकांच्या होत्या. तिथे साहिल आणि आर्यन लाडू खात बसले होते. टाळ्या वाजल्या तेव्हा त्यांनीही वाजवल्या.

शाळा सुरू झाली त्याच आठवड्यात दोन संगणकांची ओळख करून देण्यात आली. त्यालाही एक नाव होते आणि एक सादरीकरण होते. सोमवारी हजेरीच्या कॅमेऱ्याने साहिलचा चेहरा पाहिला आणि 'नोंद बंद' असे दाखवले. आर्यनचेही तेच. गुरुजींनी त्यांना वर्गात बसू दिले, पण दुपारची खिचडी यंत्रातून चेहरा पाहून निघे. ती निघाली नाही. पोरे त्यांना भुते म्हणू लागली. आर्यनला पहिले दोन दिवस त्यात मजा वाटली. तिसऱ्या दिवशी तो घरी आला आणि शाळेत जाणार नाही म्हणाला. साहिलला आठवीच्या वसतिगृहात जायचे होते. अर्ज परत आला: अर्जदार हयात नाही.

मृत्यू रद्द करण्याचे बटन नव्हते. तालुका समितीपुढे जायचे होते.

मंजुळा हर्षलाला काही बोलली नाही. ती पूर्वीसारखी सकाळी येई, मोलीला उचलून दृष्ट काढी, जाई. फक्त आता ती बसत नसे. आधी त्या दोघी एका चुलीवर चहा करत. हर्षलाने एकदा दोन कप मांडले, तेव्हा मंजुळा म्हणाली, "पोरं घरी हायेत माझी. शाळा नाय ना."

*

समिती सप्टेंबरात भरली. तीन सभासद होते, त्यातले दोन आले. टेबलावर एक कानोसा ठेवलेला होता, जबाब ऐकायला. समोर बाकावर मंजुळा, तिच्या मांडीवर नऊ महिन्यांची मोली, शेजारी साहिल आणि आर्यन अंघोळ करून, तेल लावून. मागे द्वारका. तिच्यामागे हर्षला.

"ही मुले समोर आहेत, हे आम्हाला दिसते," अध्यक्ष म्हणाले. "पण ही तीच मुले आहेत, याचा पुरावा?"

"साहेब, मी आई हाय त्यांची," मंजुळा म्हणाली.

"आईच्या नोंदीनुसार ती मयत आहेत."

"मंग मयताला इचारा ना, बसलाय समोर," मंजुळा म्हणाली. दुसऱ्या सभासदांना हसू आले, त्यांनी ते कागदात लपवले.

अध्यक्ष द्वारकाकडे वळले. "नोंद तुमच्या फोनवरून झाली. चुकून की जाणूनबुजून?"

चुकून म्हटले तर चूक कशी झाली ते सिद्ध करावे लागणार होते, दोनदा, एका मिनिटाच्या अंतराने. जाणूनबुजून म्हटले तर काम जाणार होते.

"जाणून," द्वारका म्हणाली.

"का?"

द्वारकाने मोलीकडे पाहिले.  का हे सांगायला जे नाव घ्यायचे होते ते घेण्याचा अधिकार तिचा नव्हता, हे त्या खोलीत चार बायकांना माहीत होते, आणि चौथी नऊ महिन्यांची होती. मोलीला उभे राहता येत होते. चालता येत नव्हते. उंबरा अजून दोन-तीन महिने दूर होता.

हर्षला पुढे आली. तिने साहिलकडे पाहिले, मग आर्यनकडे. आर्यनने तिला ओळखीचे हसून दाखवले.

"ती दोन मेली ती माझी," ती म्हणाली. "मंजुळाची नाय मेली कोणी."

"आणि हे बाळ?"

हर्षलाचा आवाज बसला. तिने घसा साफ केला, तरी तो नीट आला नाही.

"माझं हाय. पोर माझी हाय."

टेबलावरचा डबा उजळला. "आवाजाची सही मिळाली. हर्षला निरगुडे यांची बाळाची आई म्हणून नोंद होत आहे." चार मिनिटे गेली. कोणालाही काही झाले नाही. मोलीने मंजुळाची माळ तोंडात घातली, आणि मंजुळाने ती काढून घेत मुलीला उचलून हर्षलाच्या हातांत दिले.

"नागली दुप्पट," ती म्हणाली. "मी सोडणार नाय."

मुले हयात असल्याचा आदेश सात आठवड्यांनी निघाला. वसतिगृहाची मुदत तोवर संपली होती. द्वारकाला कामावरून कमी केल्याचे पत्र तिसऱ्या दिवशीच आले. त्या कार्यालयाला घाई करता येते हे त्यातून कळले. रेगे यांची जुलैमध्येच राज्य पातळीवर निवड झाली होती.

समिती झाली त्याच दिवशी बायका दुपारी तीनला पाड्यावर परतल्या तेव्हा अंगणात लाल पेटी पडली होती. कोंबड्या तिच्यावर चोच मारत होत्या. झोळीच्या दोरीवरचा डबा लाल झाला होता आणि रिकाम्या झोळीला सांगत होता, "हर्षला यांच्या बाळाला गंभीर धोका आहे. एकाहत्तर टक्के."

सकाळी निघताना मोली झोळीत शिंकत, घोगरे रडली होती. चालायला लागणाऱ्या मुलांच्या नाकाला येते तसे पाणी होते. पण आता तिची आई बदलली होती, आणि संगणकाने तेवढ्यावर गुणाकार करून ड्रोन उडवला होता. मार्चमध्ये या मुलीचा जीव जात असताना जे मिळत नव्हते ते सप्टेंबरात, ती ठणठणीत असताना, घरपोच आले होते.

हर्षलाने मोलीला पदराखाली ओढले. "बघ, आला. म्हणले होते मी, नाव घेतलं की येतो."

"कोण आला?" द्वारका म्हणाली. "औषध आलंय, बाई." तिने मोलीचे नाक पदराने पुसले, छातीला कान लावून बराच वेळ ऐकले आणि मुलगी परत दिली. मोलीने तिच्या कानात खणखणीत ओरडून घेतले.

डबा दर दहा मिनिटांनी औषध दिले का, असे विचारत होता. "दिलं, दिलं," द्वारका त्याला म्हणाली. त्याने आभार मानले आणि हिरवा झाला.

तिने पेटी उघडली. नळीवर मुदत संपण्याची तारीख दोन वर्षांनंतरची होती. खाली उजेडापासून दूर ठेवा, असे छापले होते. द्वारका आता कोणाचीही आशाताई राहणार नव्हती. फोन परत जाणार होता, ओळखपत्रही. पाड्यावर तीन बाया गरोदर होत्या.

तिने नळी फडक्यात गुंडाळली, घरी नेली आणि नागलीच्या डब्यात हात कोपरापर्यंत घालून तळाशी ठेवून दिली. सातखडकला औषध आजाराच्या आधी पोहोचण्याची ती पहिली वेळ होती, आणि ते तिथे आहे हे जिल्ह्यात कोणाला माहीत नव्हते, म्हणून ते तिथे राहिले.